परत आलेली पुस्तकं

४ फेब्रुवारी

धाकट्यास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. माझ्याकडचे संपलेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

तुझे कागद मिळाले. बाबांचं पुस्तकांचं दुकान चष्मेवाल्यांना विकायचं, अर्धा हिस्सा तुझा, अर्धा माझा, आणि माझ्या सहीवाचून तुझं गाडं अडलंय. जिथे जिथे सही हवी तिथे तुझ्या वकिलानं पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावल्यात. चिठ्ठ्या चांगल्या आहेत, काढून घेतल्या. कागद मात्र जसे आले तसे आहेत. मी सही करणार नाही.

फोनवर का सांगितलं नाही म्हणशील. फोनवर मी दहा ओळी लिहिते आणि तू एक अंगठा पाठवतोस. तो वाचल्याचा असतो की गप्प बस म्हणण्याचा, हे मला अजून कळलेलं नाही. पत्र तुझ्या टेबलावर पडून तरी राहील. कुणीतरी विचारील, साहेब, हे कुणाचं?

आपल्या रस्त्याचं सांगते, तू बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीस. गाण्यांच्या तबकड्यांचं दुकान गेलं, तिथे मोबाइलची कव्हरं. पेनं दुरुस्त करणारे आजोबा गेले, तिथे मोबाइलचं काचकाम. कोपऱ्यावरच्या दोन्ही जागांत चष्मे. म्हणजे आधी फोन घ्या, मग डोळे घालवा, मग चष्मा घ्या. सगळं एका फेरीत होतं. मधे आम्ही. आमच्याकडे लोक पत्ता विचारायला येतात, ऊन लागलं म्हणून येतात, आणि काल एक गृहस्थ फोन चार्ज करायला प्लग आहे का विचारत आले. आहे म्हटलं. अर्धा तास उभे होते. एका पुस्तकाकडे मान वर करून पाहिलं नाही, पण जाताना पंखा फार आवाज करतो असं सांगून गेले.

आणि हे सगळं मी सोसलं असतं रे. जग बदलतं, त्याला कुणाचा इलाज नाही. मला सोसत नाही ती तुझी 'ताई'.

काल समोरच्या बँकेतल्या बाईंनी मला ती दाखवली. तुझ्या पुस्तकांच्या ॲपमधली. अंबाडा, चष्मा, गालाला खळी, आणि शेजारी लिहिलेलं, 'ताईला विचारा'. मला खळी नाही. बाकी सगळं माझं आहे. तो उन्हाळा आठवतो का, तू दोन लॅपटॉपवाली माणसं माझ्यासमोर आणून बसवलीस तो? ताई, हे आवडणाऱ्याला पुढे काय द्यायचं? हे अर्धवट सोडणाऱ्याला काय? मी घसा बसेपर्यंत सांगत होते. का? तर तू म्हणाला होतास, लोकांना घरबसल्या आपल्या दुकानातून पुस्तकं मागवता येतील. आपल्या! मग ॲप निघालं, गावाबाहेर तुझं गोदाम झालं, आणि त्यात दुकान कुठेच नव्हतं. मी तेवढी होते. कार्टून होऊन.

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. आता नाही बसणार.

बहीण (ताई लिहीत नाही, ते नाव तू वापरतोयस)


१९ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुझं उत्तर नाही. वकिलाचं आलं. त्यानं नव्या चिकटचिठ्ठ्या लावल्यात, या वेळी गुलाबी.

आज तुला एक गंमत सांगणार आहे, आणि ती कळल्यावर तू काहीही करू शकणार नाहीस, म्हणून सांगणार आहे.

बाबांची पद्धत तुला आठवत असेल. गिऱ्हाइकानं विचारलं, 'हे कसं आहे हो?' तर बाबा कधी 'छान आहे' म्हणत नसत. उलट विचारत, 'शेवटचं काय आवडलं तुम्हाला?' आणि मग माणूस दहा मिनिटं बोलायचा. त्या दहा मिनिटांत बाबांना कळायचं, याला काय द्यायचं. मी तेच करते. आता लोक माझ्याशी दहा मिनिटं बोलतात, मी शिडीवर चढून पुस्तक काढून देते, ते उलटसुलट बघतात, आणि माझ्या डोळ्यांदेखत फोन काढून मुखपृष्ठाचा फोटो घेतात. 'विचार करून सांगते हं.' विचार कसला करतात! बाहेरच्या पायरीवरच तुझ्याकडे मागणी नोंदवतात. तुझ्याकडे स्वस्त, शिवाय नाही आवडलं तर परत. शिडी माझी, गुडघे माझे, आणि गल्ला तुझा.

तर मागच्या सोमवारपासून मी पद्धत थोडी बदलली आहे. प्रश्न तोच विचारते. दहा मिनिटं नीट ऐकते. माणसाला काय आवडेल हे अगदी पक्कं कळलं, की त्याच्या बरोब्बर उलट पुस्तक काढून देते.

सगळ्यांना नाही. जो फोन बाहेर काढतो, त्यालाच. पिशवी घेऊन येणाऱ्याला अजूनही बाबांची मुलगीच भेटते.

बँकेतल्या बाईंना शेवट गोड असलेली प्रेमकथा लागते. त्यांना मी जुन्या शहरांच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेवरचं पुस्तक दिलं. म्हटलं, 'यातली ओढ हळूहळू लागते.' खोटं नाही बोलले, उतार असला की पाण्याला ओढ असतेच. त्यांनी फोटो काढला. चार दिवसांनी कुरियरवाला त्यांच्या बँकेतून तेच पाकीट उलट घेऊन जाताना मी इथून पाहिला. मला इतकं बरं वाटलं की दुपारचा चहा मी दोनदा केला.

लोकांनी मागवायचं, तू धाडायचं, आणि ते परत यायचं. येणं-जाणं तुझ्या खर्चानं. बस बोंबलत.

बहीण


२१ मार्च

धाकट्यास,

अखेर तुझ्याकडून चार शब्दांपेक्षा मोठा मजकूर आला. 'ताई, तुमच्या भागातून पुस्तकं फार परत येताहेत, तू लोकांना काही सांगतेस का?' हो, सांगते. दोन पत्रं लिहून तुलाही सांगितलं. ती तू उघडली नाहीस, हे या निमित्तानं कळलं. बरं झालं, आता मोकळेपणानं लिहिता येईल.

धंदा जोरात आहे. तुझा. जायचा आणि यायचा.

सगळंच जमतं असं नाही म्हणा. दाताच्या डॉक्टरांना खुनाच्या गोष्टींशिवाय काही चालत नाही. बरं, इतके सज्जन, की दात उपटताना स्वतःच डोळे मिटतात. त्यांनी फोन बाहेर काढला म्हणून मी त्यांना गवतांवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं. माळावरची गवतं, पाणथळीतली गवतं, छतावर उगवणारी गवतं, आणि कुणाचाही खून नाही. म्हटलं, 'डॉक्टर, पहिल्या पानापासून धरून ठेवतं.' आठवड्यानं आले ते तडक माझ्याकडे. मी मनाची तयारी करून ठेवली होती. तर म्हणाले, याचा दुसरा भाग आहे का? दवाखान्यामागच्या भिंतीत त्यांना सात जाती सापडल्यात म्हणे. आता पेशंटला तोंड उघडायला लावतात आणि गवताबद्दल बोलतात. बिचाऱ्याला हो की नाही म्हणता येत नाही.

आणि परवा माझी चांगली फजिती झाली. तीन दुकानं सोडून त्या कपडे शिवणाऱ्या बाई आहेत ना, त्या आल्या. खिडकीतलं एक पुस्तक हातात घेतलं आणि फोन काढला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्हीसुद्धा? रोज एकाच रस्त्यावर बसतो आपण! आणि गेले सांडपाण्याचं पुस्तक आणायला. तर त्या म्हणतात, 'अगं बाई, मला वाचायचं नाहीये. हा रंग गिऱ्हाइकाला दाखवायचाय, अस्तराला असाच हवाय तिला.' मग आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी त्यांची रडगाणी सांगितली. त्यांच्याकडेही लोक तयार कपडा मागवतात आणि बाह्या आखूड करायला तेवढ्या त्यांच्याकडे येतात. जाताना त्यांनी ते पुस्तक विकतही घेतलं, रंग फोटोत बरोबर येत नव्हता म्हणून.

सूड घेणाऱ्यानं असं हसू नये, जोर कमी होतो. पण तुझ्या बाबतीत माझा जोर कमी झालेला नाही, काळजी नसावी. गवताचं पुस्तक मी आता ज्याला त्याला देते. जाड आहे, जड आहे, तुला धाडायला महाग पडत असेल.

बहीण


९ एप्रिल

धाकट्यास,

आज जे पाहून आले, ते सांगते.

महिन्याचे पुठ्ठे न्यायला रद्दीवाले आले होते. तू त्यांना ओळखतोस, ते जाडे, जे काटा लावताना नेहमी काट्यावर बोट टेकवतात आणि आपण पाहिलं की 'राहिलं चुकून' म्हणतात. ते म्हणाले, बाई, तुमच्याच लायनीतला माल आलाय आमच्याकडे, कोरा करकरीत, बघून जा. म्हटलं, चला.

त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपरापर्यंत पुस्तकं होती. वरचं प्लास्टिकही न फाडलेली. तुझ्या कंपनीची पट्टी प्रत्येकावर. मी विचारलं हे कुठून. म्हणाले, दर शनिवारी एक ट्रक येतो. गिऱ्हाइकानं परत केलेला माल. तो पुन्हा बघायचा, पुसायचा, जागेवर लावायचा, तर माणूस लागतो. माणसापेक्षा रद्दी स्वस्त. इथून लगदा करायला जातात.

गवताचं पुस्तक तिथे ढिगानं होतं. ढिगानं, कळतंय का तुला? ते मी परत यायला लावलं होतं. सांडपाण्याचं होतं. मी हसत हसत ज्याला त्याला दिलेलं प्रत्येक पुस्तक तिथे होतं, आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मला वाटलं होतं मी तुला मारतेय. मार त्यांना बसत होता.

मी तिथेच एका गठ्ठ्यावर बसले आणि रडले. रद्दीवाले घाबरले, त्यांना वाटलं भावावरून चाललंय. म्हणाले, बाई, हवं तर दोन रुपये कमी द्या किलोमागे.

बाबा परत आलेल्या पुस्तकाचं काय करायचे? मऊ ब्रशनं झटकायचे, दुमडलेलं पान हातानं सपाट करायचे, आणि एक दिवस खिडकीत पुढे ठेवायचे. 'परत आलेल्याला नावं ठेवू नयेत. योग्य घर मिळालं नव्हतं, एवढंच.' तू हे ऐकत मोठा झालास. त्याच काउंटरखाली बसून तू दुधाचे दात पाडलेस. आणि पुसायला माणूस लागतो म्हणून तू पुस्तकं चिखल करायला पाठवतोस!

उलट पुस्तक द्यायचा खेळ मी आजपासून बंद केला. पण तू सुटलास असं समजू नकोस. आत्तापर्यंत मी तुझ्यावर रागावले होते. आता मला तुझं नुकसान करायचंय.

बहीण


२८ एप्रिल

धाकट्यास,

परवा तू आलास. काय घडलं ते लिहून ठेवते, कारण तुझ्या डोक्यात ते वेगळं होऊन बसेल.

तू गाडी लांब लावून चालत आलास. वाळलायस. दारात उभं राहून पंखा अजून तोच का विचारलंस. मी बस म्हटलं, तू बसला नाहीस. कंपनीत पैसे घालणाऱ्यांनी हात आखडलाय, तुझ्याहून मोठे मासे आता आणखी स्वस्त विकतात, चष्मेवाल्यांचा पैसा आला तर तू वर्षभर तगशील, हे सगळं तू मला सांगितलंस. मी म्हटलं, मग माझा हिस्सा तूच विकत घे आणि हवं ते कर. तू हसलास. तेवढे असते तर आलो असतो का, म्हणालास. ते मात्र खरं बोललास.

मग तू काउंटरवर दोन्ही हात टेकलेस आणि म्हणालास, 'ताई, सही कर. मी बुडतोय गं.'

तुला माहीत नाही, पण त्या क्षणी मी पेनाचं टोपण काढलं होतं. काउंटरखाली, तुला दिसणार नाही असं. एवढासा होतास तेव्हा पुस्तकांच्या खोक्यात शिरून झोपायचास आणि मी तुला हुडकत फिरायचे. तोच आवाज होता. मी करणार होते सही. फक्त एकदा विचारलं, 'शेवटचं कुठलं पुस्तक आवडलं तुला?'

काहीही सांगितलं असतंस तरी चाललं असतं. लहानपणचं सांगितलं असतंस. काही वाचत नाही, वेळच होत नाही, असं म्हणाला असतास तरी मी सही केली असती. तू माझ्या खांद्यावरून मागच्या फळीकडे पाहिलंस, एका पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचलंस, आणि म्हणालास, 'ते... गवतांचं. छान आहे.'

ती प्रत मी रद्दीतून उचलून आणली होती. तुझ्या कंपनीची पट्टी तिच्यावर अजून होती.

मी टोपण लावलं. तू तासभर थांबलास, आधी चिडलास, मग बाबांना मधे आणलंस, मग गेलास.

बहीण


१५ मे

धाकट्यास,

हे पत्र तू उघडशील, कारण चष्मेवाल्यांनी तुला फोन केला असेल.

मी माझा अर्धा हिस्सा विकला. रद्दीवाल्यांना.

तुझा वकील म्हणतो, आधी भावाला विचारायला हवं होतं. विचारलं होतं, तू हसला होतास. आता कागद रीतसर झालेत. चष्मेवाले काल जागा बघायला आले. दर्शनी खिडकीत पुठ्ठ्यांचे गठ्ठे, दारात वजनकाटा, आणि गठ्ठ्यावर बसून रद्दीवाले दाढी करत होते. अर्धं दुकान घ्या म्हणाले, अर्धं माझं आहे, मी कुठे जात नाही, हवं तर दोघं मिळून चालवू. चष्मेवाल्यांनी खुर्चीसुद्धा घेतली नाही. तुझ्या अर्ध्या हिश्श्याला आता गिऱ्हाईक मिळणार नाही, रद्दीवाल्यांशिवाय. आणि ते काट्यावर बोट टेकवतात, हे तुला माहीतच आहे.

त्यांना पुस्तकांचं प्रेमबिम काही नाही. पण वजनावर विकलं तर एक भाव आणि नगावर विकलं तर दुसरा, एवढं त्यांना पक्कं समजतं. म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलंय. शनिवारचा तुझा ट्रक आता शेडकडे जात नाही, इथे दुकानासमोर लागतो. मी बसून निवडते, झटकते, लावते. मालकीण होते, आता पगारी आहे. लोक येतात, फोटो काढतात, मी म्हणते खुशाल काढा. तुमच्याकडे नको झालं की ते माझ्याकडेच येणार आहे. गेल्या आठवड्यात दुकानात दाटी झाली होती. पंख्याबद्दल कुणी बोललं नाही.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधीच सांगितली नाही.

मी सासरहून दोन बॅगा घेऊन परत आले, तेव्हा बाबांनी एक शब्द विचारला नाही. काउंटरमागचं स्टूल पुसलं आणि म्हणाले, बस, ही पुस्तकं लावायची राहिलीत. त्या संध्याकाळी मी आत ताटं घेत होते आणि तू बाहेर त्यांना विचारलंस, 'ताई कायमची राहणार का?' तुला वाटलं मला ऐकू गेलं नाही. बाबा हात धुवायला उठले. त्यांनी पुढे मृत्युपत्रात जे उत्तर दिलं, ते अर्ध्या हिश्श्याचं होतं. तोच अर्धा हिस्सा मी विकला, तुझ्या नाकावर टिच्चून, आणि विकताना मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. घरी येऊन जेवले नाही.

तुझी कंपनी पावसाळा काढणार नाही असं ट्रकवाला सांगत होता. त्याचेही पैसे लटकलेत म्हणे. तेव्हा तू येशील. तुला दुसरं घर नाही. ये. घरातली वरची खोली रिकामी आहे, मी झाडून ठेवीन.

पण मी बाबा नाही. तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास की मी तुला विचारणार आहे, कायमचा राहणार का? आणि तुझ्या तोंडून उत्तर ऐकल्याशिवाय दारातून बाजूला होणार नाही.

तुझी बहीण